घड्याळबाईंचे साडेपाच

घड्याळबाई लग्नाला पोचायच्या तेव्हा मांडववाला अजून खांब उभे करत असायचा. पत्रिकेतल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी त्या रिकाम्या खुर्च्यांत एकट्या येऊन बसायच्या. लातूरची आमची गल्ली त्यांना हसायची. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू.

पुण्याच्या कॉलेजात फ्रेंच शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि माहेरच्या घरी एकट्याच राहायला आल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. खरं नाव गल्लीत कुणी घेतलंच नाही.

मी चौथी शिकलेला. जन्मभर मोंढ्यात धान्य मापणारा मापाडी होतो, माझ्या काट्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. मुलगा फ्रान्सला असतो. नात तिकडंच जन्मली, नऊ वर्षांची आहे, मराठी येत नाही. मुलगा म्हणायचा, "बाबा, तुमचं मी तिला सांगतो की." माझ्या नातीशी बोलायला मला मधला माणूस कशाला? बायकोच्या वर्षश्राद्धाच्या भजनाला नातीनं फोनवर तरी हजर राहावं आणि बोलावणं माझ्या तोंडून जावं, हा माझा हट्ट. म्हणून बाईंचं दार वाजवलं.

"भजन कितीला सुरू?"

"साडेपाचला."

"आप्पा, पत्रिकेतले साडेपाच, का खरे?"

"पत्रिका खोटी हाय का मग?" मी चिडलो.

तिकडं तेव्हा दुपारचे दोन वाजतात, हे बोटांवर मोजून त्यांनी मला एक वाक्य दिलं: 'सा कॉमाँस आ दझर.' दोन वाजता सुरू होतं. आठ दिवस घोकलं. जीभ वळेना. बाई म्हणायच्या, "पोतं उचलल्यासारखं बोलू नका. हळू." शेवटी फोनवर नातीला म्हणून दाखवलं. ती खिदळली आणि तेच वाक्य मला परत म्हणाली. तेवढ्यावर मी चार दिवस काढले.

भजनाच्या दिवशी साडेपाचला नात नवा फ्रॉक घालून फोनवर आली. इकडं सतरंजी, बायकोचा फोटो, मी आणि कोपऱ्यात घड्याळबाई. आमच्याकडं साडेपाच लिहिलं की लोक सातला घरातून निघतात. पेटीवाला साडेसातला आला. नात दीड तास बसून होती. मग फोन बंद झाला.

त्यानंतर ती माझ्या फोनवर येईना. बाईंनी लावला तेव्हा आली आणि त्यांना विचारलं, आजोबा खोटं बोलतात का?

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"म्हटलं, खोटं बोलत नाहीत. त्यांना वेळ मापता येत नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दाणा खरा मापता आप्पा, अन् पोरीचा दीड तास?"

मी उठून आलो. महिनाभर त्यांच्या दाराशी गेलो नाही. रोज गॅलरीतून त्यांचा दिवा दिसायचा, तरी गेलो नाही. श्रावणात दोन दिवसांच्या तापानं बाई गेल्या.

गल्लीनं समाजमंदिरात शोकसभा ठेवली. फळ्यावर लिहिलं, रविवार, साडेपाच. मी नातीला फोन लावला. मुलानं बाईंचं, रविवारचं सांगून बळंच तिला पुढं बसवलं. मी म्हटलं, "सा कॉमाँस आ दझर." या वेळी ती खिदळली नाही.

रविवारी पाच वीसला पोचलो. खुर्च्या एकात एक रचलेल्या. त्यातली एक काढली, बाईंचा फोटो टेबलावर ठेवला. किल्लीवाला म्हणाला, "आप्पा, सात वाजतेत लोक यायला. चहा पिऊन या."

"न्हाई."

साडेपाचला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. नात आली. मागं सगळं रिकामं बघून तिनं ओठ आवळले. मी काडी ओढून समई लावली आणि फोटोसमोर उभा राहिलो. "सभा सुरू," मी मराठीतच म्हणालो. त्यापुढचं फ्रेंच शिकवायला बाई नव्हत्या. नात तिकडं खुर्चीवरून उठली आणि हात जोडून उभी राहिली.

सव्वासातला लोक आले. मी खुर्ची जागेवर रचून दारात उभा होतो.

"अजून सुरू न्हाई का, आप्पा?"

"झाली," म्हणालो आणि घरी आलो.