आ करा, काका

समोरच्या घरची ती पोरगी नागपूरला दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेते. सुट्टीत पांढुर्ण्याला आली की बॅग घरी ठेवायच्या आधी माझ्या शिलाईच्या दुकानात शिरते. ना रामराम, ना चहापाणी.

"काका, आ करा."

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांचं तोंड दिवसेंदिवस किती कमी उघडतं, यावर तिचा प्रबंध. दुकानात गिऱ्हाईक असो, माझ्या ओठांत सुई असो, तिची स्टीलची पट्टी बाहेर. "अजून, अजून" म्हणत वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत मोजते, "बरं, बरं" करत वहीत लिहिते आणि जाता जाता माझी खर्र्याची पुडी नालीत फेकते. एकदा मी नवरदेवाच्या शेरवानीचं माप घेत होतो, तर तिनं त्यालाही आ करायला लावलं. तो शेरवानी शिवायला सौंसरला गेला.

मी मनात म्हणायचो, डिग्री हिला पाहिजे आणि जबडा माझा दुखून राहिला. एकदाचा तो प्रबंध संपू दे.

परवा ती पेढे घेऊन आली. प्रबंध मंजूर झाला होता. मी पेढ्यासाठी हात पुढे केला, तर तिनं पट्टी काढली.

"आता कायले वं? झालं न तुह्यं काम?"

"झालं न काका. आ करा."

केला. वही तिनं आणलीच नव्हती. मोजून झाल्यावर या खेपेला ती "बरं" म्हणाली नाही. पेढ्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि माझ्या हातावर ठेवले.