साडूभाऊ आणि दोन हात अंतर

अख्ख्या खानदेशात स्वतःच्याच तोंडाला घाबरून जगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. जळगावच्या डाळमिलमध्ये साडूभाऊंनी जन्म काढला. पण तोंडाला वास येतो हे एकदा कळलं आणि ते दोन हात लांबून, तोंडावर रुमाल धरून बोलायला लागले. आमच्याकडे धुळ्याला येताना एरंडोलला आलेली जांभई त्यांनी बसमध्ये पारोळ्यापर्यंत दाबून धरली होती, डोळे पांढरे होईस्तोवर!

आधी कांदा सोडला, मग लसूण, मग तंबाखू. वास हटेना, तेव्हा उपास धरले. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी. आम्ही कांद्याची पात कचाकच चावतोय आणि हे बांधावर एकटे. "या की जवळ!" म्हटलं तर डोळ्यांत पाणी. "भाऊ, मना पोटमा काहीतरी सडी राहिनं शे. आता मी वाचत नाही." तीन वर्षांची नात "आबा, कानात गुपित सांगा" म्हणत मांडीवर चढायची, की हे उठून पळायचे. मरणाची भीती होतीच. पण नात नाक मुरडेल ही भीती त्याहून मोठी.

शेवटी मी त्यांना धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खुर्चीत असे कापत होते की भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. बाईंनी आरसा घातला. "वास पोटातून नाही, आबा. मागची दाढ किडलीय, हिरड्या सुजल्यात. जीभ साफ करता?"

"ती पण करायची असते?"

मी उपासांचंही सांगून टाकलं. "आणि हे उपास कोणी सांगितले? तोंड कोरडं पडलं की वास वाढतोच."

म्हणजे ज्या वासाला भिऊन हे उपाशी राहिले, तो त्याच उपासांवर पोसला!

दाढ निघाली. पुढच्या भरिताला साडूभाऊंनी तीन कांदे फस्त केले आणि नातीच्या कानाला तोंड लावलं. ती नाक धरून किंचाळली, "शी आबा, कांदा!" आणि तरीही मांडीवरून उतरली नाही. साडूभाऊ हसता हसता रडले.

आता नात आईबापाबरोबर पुण्याला गेलीय. साडूभाऊ फोन तोंडाच्या इतका जवळ धरतात की काचेवर वाफ धरते. "वास येतोय का गं?" ते विचारतात.

"येतोय, आबा."

मग तोच जुना रुमाल काढून ते काच पुसतात, आणि फोन पुन्हा जवळ घेतात.