सुंदराबाईचा पाय ब्रेकवर

धर्मपाल सकाळपासून गाडीच्या ब्रेक ड्रमवर हातोडी मारत होता आणि ड्रम जागचा हलत नव्हता. अमरावतीच्या कडेच्या त्या लेआउटमध्ये निम्मे प्लॉट अजून रिकामे. हातोडीचा आवाज तिथवर जाई आणि तिथेच पडून राही. जुनी पांढरी गाडी जॅकवर होती, मागचं चाक काढलेलं, पुढच्या चाकांना विटा लावलेल्या. गुडघे, कंबर, मनगट, एकेक जण कंटाळून त्याची साथ सोडत होतं.

उभा जन्म त्याने पाटबंधारे खात्याची जीप चालवली. बिघडली की वर्कशॉपमध्ये लावायची आणि शेजारी उभं राहून पाहायचं. पाहिलेलं करता येतं, असं त्याला वाटे. शिवाय गॅरेजला नेली तर मिस्त्री आधी विचारणार, आवाज आला नव्हता का? आवाज आला होता. त्याच्याआधी बायकोला, सुंदराबाईला आला होता. मागे काहीतरी घासतंय, असं ती कितीदा म्हणाली, आणि तो म्हणाला होता, "डायवर कोन हाये, मी का तू?"

मग अकोल्याहून परतताना, मूर्तिजापूरच्या अलीकडे, गाडी थांबायला हवी तिथे थांबली नाही. तुरीच्या वावरात शिरून आपसूक थांबली. कुणाला लागलं नाही. सुंदराबाई उतरली, पदर झटकला, एसटीला हात केला आणि निघून गेली. तेव्हापासून अबोला.

अबोल्याची त्यांची रीत जुनी होती. एकमेकांशी नाही, भिंतीशी बोलायचं. "चहा ठेवला हाये, ज्याले प्यायचा त्यानं प्यावा." पण उद्या दीक्षाला आणायचं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, सातवा महिना. सुंदराबाईने त्याच्या देखत फोनवर सांगितलं होतं, "मी एसटीनं येतो. आपन दोघी एसटीनंच येऊ." गर्दीच्या बसमध्ये दांडा धरून उभी असलेली लेक धर्मपालला दिसली. म्हणून त्याने आज पाने काढले होते.

ऊन चढलं तेव्हा ती धुणं वाळत घालायला बाहेर आली. तारेला म्हणाली, "हँडब्रेक वर असला तं ड्रम निघन कसा."

तो उठला, दार उघडून पाहिलं. सकाळी स्वतः खाली केलेला हँडब्रेक वर ओढलेला होता.

"कोनं वढला?" त्यानेही तारेलाच विचारलं.

"गाडी जॅकवर, मानूस खाली. सरकली असती म्हंजे?"

चिडायला अंगात जोर लागतो. त्याने हँडब्रेक सोडला, दोन ठोके दिले, ड्रम हातात आला. आत काळा चिखल. सिलिंडर गळून ब्रेक ऑइल चाक धरणाऱ्या लायनरवर पसरलेलं, लायनर झिजून लोखंड उघडं पडलेलं. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं, तिथेही तेच. नवे लायनर, नवे सिलिंडर बसवता बसवता स्प्रिंग निसटून बोट फाटलं. त्याने ते चोखलं आणि पुन्हा बसला.

आता नळीतली हवा काढायची राहिली. एकाने ब्रेकचं पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपलचा छोटा स्क्रू सैल करून हवा सोडायची. या कामात भिंतीचा उपयोग नव्हता. तरी तो भिंतीलाच म्हणाला, "दोन मानसं लागतात."

सुंदराबाई येऊन ड्रायव्हरच्या जागी बसली. तिथे ती कधी बसली नव्हती. तो मागे जमिनीवर आडवा झाला.

"दाब. दाबला का?"

उत्तरादाखल हॉर्न वाजला.

त्याने निपल जरासं सैल केलं, बुडबुडे आले, पुन्हा आवळलं. "सोड." हॉर्न. "दाब." हॉर्न.

समोरचे जानराव फाटकाशी आले. "वहिनी, वरात आली का काय?"

जानराव तिथेच रेलून उभे राहिले.

तिसऱ्या वेळी त्याने निपल पुरतं सैल केलं. हॉर्न वाजला नाही.

"खाली चालला," ती म्हणाली. "पाय खालीच चालला. काईच लागून नाई राह्यलं."

"जाऊ दे. हवा निघून राह्यली."

तिने वाकून आपल्या पायाकडे पाहिलं.

"तुमाले त्या दिवशी असंच झालतं?"

पान्याने निपल आवळता आवळता तो म्हणाला, "हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? पाय खाली जाऊन राह्यला होता अन् बाजूले तू बसली होती."

जानराव हळूच आपल्या घरात गेले.

"दाबला," सुंदराबाई म्हणाली.

"धर."

"धरला."

दुसरी बाजूही झाली. चाकं चढली, जॅक उतरला. त्याने किल्ली फिरवली तेव्हा ती शेजारच्या सीटवर येऊन बसली, पिशवीबिशवी काही न घेता. रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यावर त्याने गाडीला वेग दिला आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. सुंदराबाईने दाराची मूठ सोडली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा केलं.

"पुन्हा."

ऊन उतरेपर्यंत ते दोघं तेवढ्याच रस्त्यावर निघत राहिले, थांबत राहिले. धर्मपालची पोटरी भरून आली होती. शेवटी त्याने विचारलं, "उद्या किती वाजता निघाचं?"

"दीक्षाले मांगं बसवू. मी तिच्याजवळ बसतो," ती म्हणाली. "अजून एक डाव दाबा."