थांब म्हणणारा कोणीही असो

आमचा पास्टर मत देण्याआधी उमेदवाराचा वास घ्यायचा. ही अतिशयोक्ती नाही. निवडणूक आली की आमच्या कोहका वस्तीत हात जोडत फिरणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो फाटकातच गाठायचा, मिठी मारायचा आणि नाक त्याच्या तोंडाजवळ नेऊन खोल श्वास ओढायचा. उमेदवार बिचारा गहिवरायचा. कार्यकर्ते फोटो काढायचे. पास्टर आत येऊन बायकोला निकाल सांगायचा, "हाही गेला." पिणाऱ्याला मत नाही, घटस्फोटवाल्याला नाही, रविवारी सकाळी सभा घेणाऱ्याला तर मुळीच नाही. या चाळणीतून त्याच्या उभ्या आयुष्यात दोन उमेदवार पार झाले आणि दोघांचंही डिपॉझिट गेलं.

तो खरा पास्टर नव्हता. चंद्रपूरकडचा मराठी ख्रिस्ती, पोलाद कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, क्रेन ऑपरेटर. छताखालच्या रुळांवरून क्रेन चालायची, तिच्या केबिनमध्ये तो बसायचा आणि खाली उभा राहून त्याला हाताने इशारे करणारा सिग्नलमन मी. येताजाता उपदेश करायचा म्हणून पोरांनी नाव पाडलं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मी पास्टर नाही बावा. देवाच्या खाली आन तुमच्या वर बसतो, एवढंच."

मला तो ग्रॅज्युएट म्हणायचा. मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. बाप भंडाऱ्याकडून येऊन कारखान्याच्या ज्या गेटातून घमेलं घेऊन आत गेला, त्याच गेटातून मी बी.ए.ची मार्कशीट घेऊन गेलो. याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे. पास्टर तो शब्द चिडवायला वापरायचा, पण नवीन पोरांशी माझी ओळख करून देताना तोच शब्द असा सावकाश उच्चारायचा, की माझी छाती आपोआप पुढे यायची.

शॉपमध्ये आवाज एवढा, की माणसाचं तोंड नुसतं हलताना दिसतं. सगळा कारभार हातांचा. उचल, उतरव, डावीकडे घे, हे इशारे ऑपरेटरने फक्त सिग्नलमनचेच मानायचे. एक इशारा मात्र वेगळा. दोन्ही हात आडवे पसरले की थांब, ताबडतोब. तो कोणीही करू शकतो. मॅनेजर करो की झाडूवाली बाई, ऑपरेटरने कारण विचारायचं नाही. पाय ब्रेकवर दाबायचा, विचारपूस मागून. पास्टर या नियमाचा एवढा पक्का, की एकदा एका ठेकेदाराच्या माणसाने आळस दिला तर त्याने भरलेली क्रेन जागेवर उभी केली. वर खिडकीतून डोकं काढून अर्धा मिनिट त्या माणसाकडे बघत राहिला. तो माणूस पुन्हा कधी शॉपमध्ये आळस देताना दिसला नाही.

शिफ्ट सुटली की मरोदा वस्तीतल्या टपरीवर चहा आणि भांडण. त्याचं म्हणणं असं, की देशाचा कायदा देवाच्या पुस्तकातून यावा. दारूची दुकानं बंद, शाळेत रोज प्रार्थना, रविवारी बाजार बंद, घटस्फोट तर कायद्यातूनच काढून टाकावा. मी म्हणायचो, पुस्तकं पुष्कळ आहेत पास्टर, आणि तुझं पुस्तक मानणारे या गावात मूठभर. उद्या दुसऱ्या कोणी त्याचं पुस्तक वर ठेवलं तर तुझा रविवार कुठे जाईल? यावर तो चहात बिस्कीट बुडवून विचार करायचा. बिस्कीट तुटून आत पडायचं. मग म्हणायचा, "तुह्यं बरोबर आहे, पण माह्यं खरं आहे." या वाक्यावर कोणत्याही कॉलेजात उत्तर शिकवत नाहीत. त्याचा उपदेश फारच लांबला की मी टपरीसमोर दोन्ही हात आडवे पसरायचो, आणि तो खरोखर गप्प व्हायचा. एक घोट होईपर्यंत.

आम्ही बौद्ध. आमच्या घरी देव्हारा नाही, समोरच्या भिंतीवर संविधानाची प्रस्तावना फ्रेम करून लावलेली आहे. पास्टर आला की चपला काढायचा, आधी त्या फ्रेमपाशी जायचा आणि बोटाने तिचा कोपरा सरळ करायचा. "चांगलं लिहिलं आहे," दरवेळी म्हणायचा, "फक्त सुरुवातीले देवाचं नाव राहून गेलं." माझी आई त्याला चहा देताना सांगायची, राहून नाही गेलं भाऊ, विचार करूनच नाही टाकलं. आणि चौदा एप्रिलला मला सुट्टी मिळावी म्हणून शिफ्ट इन्चार्जशी भांडायला हाच माणूस सगळ्यांच्या पुढे.

मग माझी धाकटी बहीण सुषमा माहेरी आली, आणि टपरीवरचं भांडण घरात शिरलं.

तिचं सासर राजनांदगावला. नवरा पीत नव्हता, मारत नव्हता. फक्त कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. दोन वर्षं तिने काढली आणि एके दिवशी शेजारणीकडून कुलूप तोडून घेऊन एका बॅगेसकट बसमध्ये बसली. मी दुर्गच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकायचं ठरवलं. पास्टरला कळलं तसा रविवारची प्रार्थना संपवून तो थेट आमच्याकडे आला. फ्रेमकडेही गेला नाही.

बराच वेळ तो सुषमाशीच बोलला. लग्न देवाने जोडलेलं असतं, कोर्टाने तोडायचं नसतं. मी स्वतः तुला सोडून येतो, त्या माणसाला समोर बसवून समजावतो, कुलूप माझ्या हाताने फेकून देतो. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हीच अडचण होती. आई रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, जाऊन पाहा एकदा. मी चिडलो. कायदा म्हणजे दरवाजा आहे, म्हटलं, ज्याले घुटन होते त्यानं निघावं. पास्टर म्हणाला, "दरवाजा खुला ठेवला का कुत्रं घुसते, ग्रॅज्युएट."

सुषमा काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं त्याने होकार धरलं. बॅग उचलून त्याने स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवली, किक मारली आणि मागे बस म्हणून मान हलवली. मी फाटकाशी जाणार, तेवढ्यात ती माझ्या बाजूने पुढे गेली. मागे बसली नाही. स्कूटरच्या समोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात आडवे पसरले.

हात पसरायचं आमचं टपरीवरचं नाटक तिने लहानपणापासून घरातही पाहिलं होतं, त्यामागचा क्रेनचा नियमही ऐकला होता. पण त्या वेळी ते नाटक नव्हतं.

वळवून घ्यायला गाडी जेमतेम हातभर सरकली होती. पास्टरचा उजवा पाय ब्रेकवर गच्च दाबला गेला. इंजिन बंद पडलं. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. सुषमा म्हणाली, "दादा, तुमी तिथं कोनालेच कारण विचारत नाही. मले कावून विचारून राहिले?"

पास्टर उतरला. बॅग काढून त्याने ओसरीवर नेऊन ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माह्यं मत बदललं नाही." आणि आत जाऊन फ्रेमचा कोपरा सरळ केला.

मत खरंच बदललं नाही. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तो आमच्याबरोबर दुर्गला यायचा आणि बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसायचा. एकदा वकिलाने कौतुकाने विचारलं, बहिणीसाठी प्रार्थना करताय का? पास्टरने डोळे उघडले. "प्रार्थना तिच्या विरोधात करून राहिलो. डब्बा तिच्यासाठी आनला आहे." डब्यात त्याच्या बायकोने केलेलं अंड्याचं कालवण असायचं आणि सुषमा ते बोटं चाटून संपवायची. निकाल लागला त्या दिवशी मी त्याला टोमणा मारला, हरला ना? तो म्हणाला, मी कशाला हरतो, मी माझा अर्ज दिला होता, वरच्याने नामंजूर केला. मग सिविक सेंटरच्या बाजारात नेऊन आम्हा तिघांना त्याने आइस्क्रीम खाऊ घातलं. सुषमा आज तिथेच एका चष्म्याच्या दुकानात आहे. दुकानाची एक किल्ली तिच्याकडे असते.

पास्टर रिटायर झाला आणि मुलाकडे पुण्याला निघाला. दुर्ग स्टेशनवर आई, सुषमा आणि मी गेलो. डब्याच्या दारात उभं राहून त्याने शेवटचा उपदेश सुरू केला. विषय पुण्यातल्या रविवारच्या बाजाराचा होता. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत निघाली आणि शब्द ऐकू येईनासे झाले. नुसतं तोंड हलताना दिसत होतं, शॉपमधल्यासारखं. पास्टरची गाडी हलली. इतकी वर्षं ज्या माणसाशी माझं एकाही गोष्टीवर पटलं नाही तो चालला होता. मी प्लॅटफॉर्मवर दोन्ही हात आडवे पसरले.

गाडी काही माझं ऐकणार नव्हती. पण दारात उभ्या पास्टरकडे मी नीट पाहत होतो. त्याचं बोलणं तुटलं, आणि त्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर गच्च दाबला गेला.