सोल्यूशनने चिकटवलेला चारमिनार

काल सकाळी आमच्या मोठ्या बाई गेल्या. बातमी वाचली आणि मी हातातला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

शाळेच्या ग्रुपवर तेव्हापासून हात जोडणं चालू आहे. मुलांसाठी झिजल्या म्हणे. लिहोत बापडे. मी त्यांच्या हाताखाली बालवर्गाला ड्रॉइंग शिकवलंय, मला वेगळं आठवतं.

गौलीगुड्याची आमची मराठी शाळा. नव्वदीतले दिवस. गल्लीगल्लीत कॉन्व्हेंट निघत होत्या आणि आमचे पालक एकेक करून तिकडे सरकत होते.

तेव्हा बाईंनी बेगम बाजारातून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा मोठा डबा आणला. एकात एक बसणारे, बाहेरच्या देशातले. एवढं श्रेय त्यांचं, देऊन टाकते.

डबा ड्रॉइंगच्या तासाला माझ्याकडे यायचा.

वर्गात कमल होती. पाच वर्षांची, बाप बस स्टँडवर हमाल. शाळेत ती तोंडच उघडायची नाही. खडू दिला की मुठीत दाबून बसायची.

ठोकळे दिले आणि पोरगी हलली.

लाल, लाल, निळा. लाल, लाल, निळा. अशी भिंत.

काही आठवड्यांनी मी म्हटलं, पाच पिवळे दे. तिने मोजून पाच दिले. मग त्या भिंतीकडे बघत कागदावर पहिली उभी रेघ ओढली. तो कागद मी घरी नेऊन आईला दाखवला होता.

पहिलीत जायच्या आधी बाई स्वतः परीक्षा घ्यायच्या. आकडे म्हणा, रेघा ओढा. जमलं नाही तर मूल घरी. मी त्यांना विनवलं, कमलची परीक्षा ठोकळ्यांवर घ्या, तिला सगळं येतंय. नाखुशीने का होईना, हो म्हणाल्या.

आणि त्याच आठवड्यात डबा मागून नेला. शाळेत इंग्लिश मीडियमचं उद्घाटन होतं, पालकांना दाखवायला शोभेचं काहीतरी हवं होतं. परीक्षेच्या दिवशी परत देते म्हणाल्या.

दिला परत.

चारमिनार.

नळाच्या पाइपांना लावतात ते सोल्यूशन लावून एकूण एक ठोकळा पक्का चिकटवलेला.

"बाई, हे सुटणार कसं?"

"सुटायचं कशाला? सुटे दिले की पोरं हरवतात. आता बघ, एक बी जाणार नाही."

टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरणारी माणसं आम्ही. वस्तू टिकली पाहिजे. वापरायची राहिली तरी चालेल.

कमलला बोलावलं. बाई म्हणाल्या, पाच लाल दे.

तिने एका मिनाराला हात घातला. ओढलं. नखं लावली. मग माझ्याकडे बघितलं.

मी धावत चिंचोके आणले. तोवर तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. ते पुन्हा पुढे आलेच नाहीत.

बाईंनी वहीत लिहिलं, घरी ठेवावे.

दुसऱ्या दिवशी बाप आला. "पोरगी मुकी नाही हो बाई. घरी दिवसभर बोलती."

"उगी वाद नक्को. पुढच्या साली आणा."

पुढच्या साली कोणी आलं नाही. स्टँडवर चौकशी केली, तर गावाकडे परत गेले म्हणाले.

मी काय केलं? नवी नोकरी होती. मान खाली घालून पुढच्या मुलाला आत बोलावलं. हाही राग आहेच, तो बाईंच्या नावावर टाकता येत नाही.

काल दुपारी तारनाक्याला त्यांच्या घरी गेले. लोकलाजेस्तव.

शोकेसमध्ये तोच चारमिनार. एक मिनार अर्धवट तुटलेला.

सून म्हणाली, शेवटचं वर्षभर आई रोज भाजीचा चाकू घेऊन तेच कोरत बसायच्या. आम्हाला ओळखायच्या नाहीत. एकच धोशा, पाच लाल काढून ठेवा, कमल येणार आहे.

मग तिने मला विचारलं, "टीचर, कमल कोण?"

मी शोकेसची काच सरकवली.

चारमिनारशेजारी स्टीलची वाटी होती. आत लाल ठोकळे, कडा चाकूने सोललेल्या.

मी मोजले. चार.

बाई, पाच मागितले होते तुम्ही.

माफी माझ्याकडे नाही, ती कमलकडे आहे, आणि कमल कुठे आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

नमस्कार करते. या आता.