बिदाईचा दुसरा टेक

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या किशोर गावंड्यांनी आजवर किती पिक्चर काढले, हे खुद्द किशोरभाऊंनाही धड सांगता येत नाही. आधी सीड्या जत्रेत विकायचे, आता पिक्चर मोबाइलवर टाकतात. कथा त्यांची, संवाद त्यांचे, दिग्दर्शनही त्यांचंच. घाई तर अशी की एका पिक्चरमध्ये सकाळी मेलेला सासरा दुपारी दुसऱ्या पिक्चरमध्ये सोयरीक जुळवायला बसायचा.

गर्दी भाड्याने आणणं परवडत नाही, म्हणून गर्दी जमते तिथे हे कॅमेरा घेऊन हजर. कोणाकडे लग्न आहे, कोणाकडे तेरवी, याची चौकशी आधी, कथा मागून. मोर्शीला एका वारलेल्या सोयऱ्याच्या तेरवीची पंगत त्यांनी पाटलाच्या घरचं बारसं म्हणून खपवली होती. कोणी रागावलं नाही. उलट "आमी दिसतो ना त्याच्यात?" म्हणून लोकांचे फोन आले. यात कोणाचं मन दुखावू शकतं, हे कळायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं. मांडव घरचा, पाहुणे घरचे, बँड घरचा! भाऊंनी बसल्या बैठकीत 'पोरगी चालली परतवाड्याले' हा पिक्चर लिहून काढला. पोरगी खरं तर अमरावतीला चालली होती, पण परतवाडा त्यांच्या कानाला बरा वाटला.

बिदाईच्या वेळी प्राजक्ता बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. भाऊही रडले. तेवढ्यात कॅमेरावाला गोपाल कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, मामा मंधात आले. तुमी दोघं दिसलेच नाही." भाऊंनी डोळे पुसले, मामांना बाजूला केलं आणि लेकीला म्हणाले, "बाई, एक डाव अजून. तिथूनच ये, गळ्यात पड."

ती आली, गळ्यात पडली, रडलीही. मग गाडीत बसून सासरी गेली ती गेलीच. दिवाळीला आली नाही, आषाढात लेकी माहेरी येतात त्या आखाडीलाही नाही. फोन करायची तो आईला, शकुनबाईंना. चुकून बापाने उचलला तर "जेवले का?" एवढंच.

"काहून रुसली असंन वो?" भाऊ बायकोला विचारायचे. "आहेरात काई कमी पडलं का?"

"तुमाले समजत नाही, तं मी काय समजावू?" शकुनबाई मेथी निवडता निवडता म्हणायच्या.

भाऊंनी तो पिक्चर पुन्हा पाहिला. बापाचं रडणं पाहून काळजात कालवलं, असं लोकांनी खाली लिहिलं होतं. मग चुकलं कुठे? माणूस मनाने वाईट नव्हता, पण काही गोष्टी त्याच्या डोक्यात शिरायचंच नाव घेत नसत.

आणि एक दिवस शकुनबाईंनी सांगितलं, की प्राजक्ताला सातवा लागला आणि पहिलं बाळंतपण ती अमरावतीलाच करणार आहे. पहिलं बाळंतपण, आणि सासरी! भाऊ चपला घालून थेट बसस्टँडवर गेले.

अमरावतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात शब्द जुळवले. लेकीच्या दारात पाणी घ्यायच्या आधीच म्हणाले, "पोरी, तुह्याबिगर त्या घराच्या भिंती मले खाऊन राहिल्या."

"हे विधवा आत्याच्या तोंडी आहे, बाबा," प्राजक्ता म्हणाली. "जमिनीच्या भांडणाच्या पिक्चरात."

"बरं. मी चुकलो असंन, तं मले दोन थापडा मार, पण घरी चाल."

"हे दारुड्या भावाचं."

भाऊंची मती गुंग झाली. जे बोलले ते अगदी पोटातून आलं होतं. मग ते आधी पोटात होतं की आधी कागदावर? त्यांनी आठवून पाहिलं, पण काही म्हणता काही उमजेना.

प्राजक्ता पाटावर बसली. "बाबा, पिक्चरात तुमी जे लावलं, ते मी खोटं रडली. पयल्या डावाचं खरं होतं. माहंही, तुमचंही. मले ते एकदा पाहाचं आहे. ते दाखवा, मी येतो अकोल्याले."

भाऊंना मांडव आठवला, मामांची रुंद पाठ आठवली, गोपालला आपण लगेच काय सांगितलं तेही आठवलं.

"पुसलं ते," ते म्हणाले. "कॅमेऱ्याच्या कार्डात जागा नोती."

आणि भाऊ लेकीसमोर लहान पोरासारखे रडू लागले. ती पुढे झाली नाही. बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "हे खरं आहे का?"

किशोरभाऊंनी तोंड उघडलं, पण हे रडणं खरं की पिक्चरातलं, हे खुद्द त्यांनाही धड सांगता येईना.