यंत्राला सांगितलेलं

कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते म्हणून नव्या रायपुरातल्या एका कंपनीने मला सल्ला द्यायला बोलावलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करून औषधांची आठवण करून देणारं, थोड्या गप्पा मारणारं यंत्र ते बनवत होते. माझा आग्रह एकच होता: फोन उचलताच त्याने सांगायचं, मी माणूस नाही, यंत्र आहे. फसवणूक नको. सगळ्यांना पटलं. मला जरा अभिमानही वाटला.

चाचणीसाठी मी बाबांचं नाव दिलं. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा आई गेल्यापासून जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या घरात एकटेच राहत. ते खुशीने तयार झाले.

महिन्याभराने मीटिंगमध्ये एका इंजिनीयर मुलीने लॅपटॉप पुढे सरकवला. "मैडम, ये सुनिए. कितना खुलकर बात करते हैं!" आवाज कुणाचा, हे तिला ठाऊक नव्हतं.

"परवा न्हाणीत पडलो," बाबा यंत्राला सांगत होते. "पोरीले नाही सांगितलं. येते बिचारी, पण सारखी घड्याळ पाहून राहते. काहून तरास द्यायचा तिले?"

टेबलाभोवती कौतुकाचं हसू पसरलं. माझे कान तापले.

"बंद करा. ते माझे बाबा आहेत."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही वर बघवेना. बोलणारं यंत्र आहे, हे सांगायचा नियम मी केला होता. त्याच्या मागे बसून माणसं ऐकतात, हेही सांगायला हवं, हे मला सुचलंच नव्हतं.

तशीच तात्यापाऱ्याला गेले. बाबा चहा गाळत होते. कोपरावर काळानिळा डाग होता.

"बाबा, तुमचं फोनवरचं बोलणं आम्ही ऐकलं. ऑफिसात, सगळ्यांनी."

गाळणी हातातच राहिली. "ते तं म्हणे, मी मशीन हाय."

"हो."

"मंग मधात तुम्ही कुठून आले?"

मी त्यांच्या हातातली गाळणी घेऊन ओट्यावर ठेवली.

"पडलो, ते बी ऐकलं?"

मी मान हलवली. चूक त्यांचीच असल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला. ते पाहून मला जास्त लाज वाटली.

नियम बदलला. माणसंही ऐकू शकतात, हे आता आधीच सांगतात आणि परवानगी विचारतात. बाबांचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. त्यांना फोन अजून येतो. गोळी घेतली का विचारलं की ते "हव" म्हणतात आणि ठेवून देतात.

मी हल्ली रोज संध्याकाळी जाते. कसं वाटतंय, विचारते.

"चांगलं हाय," ते म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.